मोजून झाल्यावर

सीमाभागातल्या माणसाला मोजणीचं नवल नाही. घरात कोणती भाषा बोलता, मुलं कोणत्या माध्यमात शिकतात, हे सांगता सांगता आमच्या दोन पिढ्या सरल्या. १९६७ च्या महाजन अहवालावरून आमच्याकडे अजून वाद रंगतात. त्यात अधूनमधून विद्यापीठातले कुणी येतात, चहा घेतात, प्रश्नावली भरून नेतात. "पुढं काय झालं हो त्याचं?" असं आमचे अण्णा विचारायचे. सांगायला कुणी परत आल्याचं मला आठवत नाही.

म्हणूनच पुण्यातली एक हकिकत मला मोलाची वाटते. १९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवायला गेल्या. मुलं तर कचराकुंडीवर! मग त्या दोघी मुलांच्या आयांबरोबरच हिंडू लागल्या. उकिरडा उपसण्यापेक्षा घराघरांतून वेगळा केलेला सुका कचरा या बायांना मिळावा, म्हणून त्यांनी लोकांची मनं वळवली. विद्यापीठाने बायांना ओळखपत्रं दिली. तेवढ्यात एक व्यावसायिक गाडी घेऊन त्याच दारांशी आला. बाया पोराबाळांसह रस्त्यावर उतरल्या, तेव्हा त्याने माघार घेतली. १९९३ साली डॉ. बाबा आढावांच्या अध्यक्षतेखाली मेळावा झाला आणि 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली.

२००१ साली याच मंडळींनी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी अभ्यास केला. वेचलेला माल महापालिकेला वाहून न्यावा लागत नाही. तो खर्च वाचतो. हिशेब निघाला : एकेक बाई शहराला महिन्याकाठी २४६ रुपयांचे श्रम फुकट देते. जन्मभर भंगाराच्या काट्यापुढे उभ्या राहिलेल्या बायांच्या कष्टाचंच वजन पहिल्यांदा कागदावर आलं. तो कागद घेऊन पंचायत महापालिकेत गेली. पुढे महापालिकेने त्यांच्या आरोग्य विम्याचा भार उचलला आणि २००८ साली 'स्वच्छ' या त्यांच्याच सहकारी संस्थेशी दारोदार कचरा गोळा करण्याचा करार केला. अर्थात सगळं सुरळीत झालं असं नाही. कराराची मुदत सरली की बायांना पुन्हा झगडावं लागलं आहे. पण झगडताना हाती हिशेब असतो.

माझी पुतणी यंदा खानापूर तालुक्यात वीटभट्टीवरच्या बायकांच्या मजुरीचा अभ्यास करते आहे. मुलाखती निम्म्या कानडीत, निम्म्या मराठीत.

"काका, प्रबंध मात्र इंग्रजीत लिहायचा."

"लिही की. पण लिहून झाल्यावर भट्टीवर परत जा. कुणाची किती मजुरी बुडते, ते दोन्ही भाषांत वाचून दाखव."

"आणि त्यांनी विचारलं, आता पुढं काय, तर?"

"मग तिथंच बस. खरं काम तिथून सुरू होतं."