राजगड–तोरणा: मधली धार

राजगडाच्या संजीवनी माचीवरून आळू दरवाजाने बाहेर पडलो आणि तोरण्याकडे गेलेली सोंड अख्खी समोर आली. आमच्या वाशीमकडे डोंगर पसरट; माथ्यावर पोचलं की पुन्हा शेतंच लागतात. इथे पाऊलवाट, दोन्ही अंगांना उतार आणि पायाखाली घसारा. कारवीत शिरेपर्यंत माझ्या पोटात गोळा होता.

भुतोंड्याकडे उतरणारा रस्ता ओलांडून पुन्हा धारेवर चढलो, तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. धनगरांच्या घरासमोर एक मावशी बसल्या होत्या. "बसा दादा, ताक घ्या," म्हणाल्या. घट्ट, किंचित आंबट, मीठ घातलेलं ताक. शहरात पाकिटातून मिळणाऱ्या पांढऱ्या पाण्याला ताक म्हणणं मी त्या दिवसापासून सोडलं. दुसरा तांब्या त्यांनी न विचारता भरला. पाण्याची बाटली पुढे केली, तशा त्या थांबल्या.

"ताक हवं तेवढं प्या. पानी खालनं आणावं लागतंय."

झरा बराच खाली. दिवसाला तीन खेपा, डोक्यावर हंडे. फाल्गुनात तोही आटतो.

मला राग आला. मागे राजगडावर पद्मावती तलाव. दोन्ही गडांवर कातळात खोदलेली टाकी. शेकडो माणसांना वर्षभर पाणी पुरावं म्हणून तेव्हाच्या लोकांनी काळा पाषाण फोडला. मधल्या धारेवर नांदणाऱ्या घराला मात्र आजही हंडाच. राजगड २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, याचा मला अभिमान आहे. त्या अभिमानात या बाईच्या खेपाही मोजल्या जाव्यात, असं मला मनापासून वाटतं.

"गाव कंचं?" त्यांनी विचारलं.

"वाशीम."

"तिकडं पानी हाय का?"

मी सांगितलं, आमच्या जिल्ह्याच्या डोंगरावर पाऊस दुभंगतो. काटेपूर्णेचं पाणी पूर्णेतून तापीला, म्हणजे पश्चिमेच्या समुद्राला. पैनगंगेचं गोदावरीतून पूर्वेच्या. उन्हाळ्यात गावं टँकरची वाट बघतात. त्यांनी मान हलवली, मग उजवीकडे हात केला: "ह्या अंगाचं गुंजवणीला." डावीकडे भाटघरच्या धरणाचा फुगवटा चकाकत होता. "त्या अंगाचं येळवंडीला. दोनी जात्यात नीरेलाच."

भूगोलाच्या पुस्तकात जलविभाजक मी पाठ केला होता. तो पायाखाली आहे हे तिथे कळलं. बाटली रिकामीच ठेवून निघालो. ताकाचे पैसे त्यांनी मोजले नाहीत, डब्यात टाकले.

पुढची चढण बुधला माचीपर्यंत दम काढते. कातळटप्प्यावर रेलिंग आहे, तरी हात घट्ट धरावा लागतो. १४०३ मीटरचा तोरणा, शिवरायांनी प्रचंडगड म्हटलेला, खरोखर अवाढव्य आहे. कोकण दरवाजातून आत गेलो आणि सगळ्यांत आधी टाकं शोधलं. पाणी गार होतं. पोटभर प्यायलो.