मुक्ताईनगरची भाऊबीज आणि बादलीतला मासा

धाकट्या वन्संचं सासर मुक्ताईनगरचं. त्यामुळे दर भाऊबीजेला आमचा दौरा ठरलेला. नाशिकहून रेल्वेने भुसावळ, तिथून एस.टी.ने वरणगावमार्गे पुढे. वाटेत केळीच्या बागा लागल्या की खानदेशात आल्यासारखं वाटतं. गावाचं नाव मुक्ताईनगर झालं त्याला पुष्कळ वर्षं लोटली, पण शेजारच्या बाकावरच्या आजींनी कंडक्टरकडे तिकीट मागितलं ते ‘एदलाबाद’चंच!

या वेळी ओवाळणी झाली, कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत झालं, आणि बारा वर्षांचा भाचा माझा हात धरून मला पुढच्या खोलीत घेऊन गेला. “मामी, माझे मासे बघितले का?”

दोन फुटांची काचेची टाकी. तीत चारदोन गोल्डफिश आणि काचेला तोंड चिकटवून बसलेले दोन काळपट मासे. दुकानदाराने दोन्ही ‘सकर’ म्हणून दिले होते. टाकीतलं शेवाळ खातात, टाकी स्वच्छ राहते, असं सांगून. आणले तेव्हा दोन्ही बोटाएवढे होते म्हणे. आता एक तसाच चार बोटं, आणि दुसरा माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत! वळायला जागा पुरेना, शेपटीने झाडंबिडं सगळी उपटून टाकलेली, आणि घाण तर इतकी की वन्सं आठवड्यातून दोनदा पाणी बदलून वैतागल्या होत्या.

“उद्या चांगदेवला जायचंच आहे, तेव्हा संगमात सोडून देऊ,” भाऊजी म्हणाले. वन्संच्या सासूबाईंनाही ते पटलं. कार्तिक महिना, तापीमाई, मुक्या जिवाची सुटका. पुण्यच की!

मी गप्प राहिले. कारण हेच पुण्य मी स्वतः एकदा करून बसले आहे.

आमच्या मुलाकडेही असाच एक सकर होता. वाढला, तेव्हा मी तो डब्यात घालून आमच्या भागातल्या तळ्यात नेऊन सोडला, वर हात जोडले. दोनतीन वर्षांनी त्याच तळ्यावर गळ टाकून बसलेल्या एका मुलाच्या पायाशी तसलेच तीन मासे पडलेले दिसले. मी सोडला होता एक. बाकीचे माझ्यासारख्याच कुणी पुण्यवतींनी सोडले असतील, नाहीतर तिथेच जन्मले असतील. त्या दिवशी मला घरी जाऊन जेवण गेलं नाही. शेजारी प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकबाई राहतात. त्यांच्याकडे गेले आणि या माशांची पहिली शिकवणी घेतली.

तीच शिकवणी त्या रात्री मी भाच्याला दिली. टाकीपुढे पाट टाकून दोघं बसलो.

हे मासे मूळचे दक्षिण अमेरिकेतले, ॲमेझॉन नदी आणि तिच्या आसपासच्या खोऱ्यांतले. ‘सकर’ हे एका माशाचं नाव नव्हे, ते सगळ्या गोतावळ्याचं आडनाव समजा. त्यांत शेकडो जाती आहेत, आणि लहानपणी सगळी पोरं सारखीच दिसतात. ओळखायचं कसं? एक तर पाठीवरचा पर बघायचा. मासा तो उभारतो तेव्हा पुढचा जाड काटा सोडून मागच्या मऊ काड्या मोजायच्या. भाच्याने मोठ्याच्या मोजल्या, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बारा भरल्या. धाकट्याच्या सातच. दहा किंवा जास्त काड्या आल्या की तो शिडासारख्या पराचा सकर, टेरिगोप्लिक्थिस. तो दीड फुटापर्यंत जातो आणि दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. दोन फुटांच्या टाकीत तो कसा मावावा?

सात काड्या असल्या म्हणजे मासा लहानच राहणार असं मात्र नाही हं. जुन्या पुस्तकांतला खरा ‘प्लेकोस्टोमस’ सात काड्यांचाच, आणि तोही मोठा होतो. दुकानातून त्या नावाने मिळतो तो बहुधा तो नसतोच, ही आणखी एक गंमत. म्हणून मग तोंडाकडे बघायचं. आमच्या धाकट्याच्या नाकाडावर मऊ, फाटे फुटलेल्या मिशांसारखे धागे होते. हा ॲन्सिस्ट्रस, त्यातला नर. माद्यांना हे धागे अगदी बारीक असतात किंवा नसतातच. हा बिचारा वीतभरही होत नाही. आयुष्यभर ठेवा, काकडीची चकती, किंचित वाफवलेला दुधी घाला. नुसत्या शेवाळावर यांचं पोट भरत नाही, आणि दुसऱ्या माशांची विष्ठा तर ते मुळीच खात नाहीत.

मोठ्याचं पोट बघायला त्याला उचलावंही लागलं नाही. काचेला चिकटला की पोट आपल्याकडेच! पोटावर काळे ठिपके सुटे सुटे असले तर पार्डालिस, ठिपके एकमेकांत मिसळून गांडुळासारख्या वळवळत्या रेघा झाल्या असतील तर डिसजंक्टिव्हस. आमच्याकडच्याचे ठिपके काही सुटे, काही जोडलेले. भाचा म्हणाला, “मामी, हा कोण मग?” या दोन जातींचा आपसांत संकर होतो, त्यामुळे पुष्कळदा पंडितांनाही छातीठोक सांगता येत नाही. नदीला मात्र दोन्ही सारखेच.

सकाळी बादलीवर ताट झाकून आम्ही चांगदेवला गेलोच. मी म्हटलं, आधी तिथल्या माणसांना दाखवू, मग ठरवू.

चांगदेवचं देऊळ पाहिलं नसेल तर जरूर पाहा. काळ्या दगडाचं, जुनं, बाहेरच्या भिंतींवर बारीक कोरीवकाम. वाघावर बसून आलेल्या योग्याला लहानग्या मुक्ताईने शिष्य केलं, त्या कथेची ही भूमी. मुक्ताई गुप्त झाली ते मेहूणही याच तालुक्यात. देवळापासून थोडं पुढे गेलं की तापी आणि पूर्णेचा संगम. हतनूरचं धरण 1982 साली पूर्ण झालं, तेव्हापासून इथे धरणाचं पाणी पसरलेलं असतं. लांबवर पसरलेलं, संथ, थंडीत पाखरांनी भरलेलं. मला ती जागा फार आवडते. निदान अर्धा तास तरी काही न बोलता बसावं अशी.

काठावर एक कोळीदादा जाळं सोडवत होते. त्यांनी ताट उचललं, माशाच्या अंगावरच्या हाडासारख्या खवल्यांवरून बोट फिरवलं, पराचा ताठ काटा चाचपला.

“ताई, हे जाळ्यात घुसलं तर जाळंच कापावं लागीन. अन् हे घेईन कोण?”

तिथेच मी सासूबाईंना सगळं सांगितलं. उजनीच्या धरणात हेच मासे जाळी फाडतात. कोलकात्याच्या भेड्यांत, मासे पाळायच्या तळ्यांत, त्यांनी उच्छाद मांडला आहे. 2020 साली वाराणसीला गंगेतही सापडला. मेक्सिकोत इन्फिएर्निल्यो नावाच्या मोठ्या धरणात तर मासेमारीच बसली. नर काठाच्या मातीत हात-हातभर लांब बिळं पाडतो, मादी त्यांत शेकड्यांनी अंडी घालते, आणि नर राखण करतो. काठ ढासळतो तो त्यामुळे. पाणी खराब झालं तर वर येऊन हवा गिळतो, त्यामुळे इतर मासे मरतात तिथे हा टिकतो. आणि हतनूरचे एक्केचाळीस दरवाजे उघडले की इथलं पाणी थेट खाली गुजरातेत, उकाईला.

“एका माशाने काय होतंय?” हे म्हणाले. आमच्या यांचं नेहमीचं.

“मीही हेच म्हटलं होतं,” मी म्हणाले, आणि तळ्याची गोष्ट पहिल्यांदाच सगळ्यांसमोर सांगितली. ह्यांनाही ती ठाऊक नव्हती. सासूबाई बराच वेळ पाण्याकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, “मग तापीमाईला फुलंच वाहू. ते बादलीतलं घरी न्या.”

परतीचा प्रश्न उरला. मारायला कुणाचंच मन होईना. प्राध्यापकबाईंना फोन केला. त्यांच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सहा फुटांची टाकी आहे, मुलांना शिकवायला चालेल म्हणाल्या. तुमच्याकडे असा मासा असेल तर तुम्हीही दुकानदाराला परत विचारा, शाळा-महाविद्यालयात विचारा, मोठी टाकी असलेला कुणी गाठा. ओढ्यात, विहिरीत, गटारातसुद्धा सोडू नका.

तर भुसावळहून नाशिकपर्यंत झाकणाची बादली मांडीपुढे धरून बसले. थोडं थोडं पाणी हिंदकळून साडीच्या निऱ्या ओल्या झाल्या. समोरच्या बाकावरच्या बाई बराच वेळ बघत होत्या. शेवटी राहवेना, तेव्हा म्हणाल्या, “मांगूर का हो?”

मी झाकण उघडलं आणि म्हटलं, “या, इकडे सरका. आधी पाठीवरच्या काड्या मोजा.”