बिनव्हिसाची वाट

गेल्या पावसाळ्यात सौंसरची एक माउली सायंकाळी आमच्या दारी आली. तिची मुलगी काठमांडूस बाळंत झाली होती. प्रकृती चिंताजनक होती. "फादर, नेपाळला व्हिसा लागत नाही ना? मग हे आधारकार्ड पुरे. उद्याच विमानाने निघते."

व्हिसा लागत नाही, हे खरेच. १९५० च्या भारत-नेपाळ करारात परस्परांच्या नागरिकांना ये-जा करण्याची सवलत आहे. परंतु विमानप्रवासात पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र दाखवावे लागते. बाई पन्नाशीच्या, त्या वयाला तेथे आधार चालत नाही. भूतानलाही आपणांस व्हिसा नको, प्रवेश-परवाना मात्र हवा.

लेकाने रात्रभर पेट्या उपसल्या. पहाटे पांढुर्ण्यास, मामाच्या घरी, ओळखपत्र सापडले आणि माय लेकीपाशी पोहोचली.

प्रिय वाचकहो, शेजाऱ्याचे दार उघडे असले, तरी उंबऱ्यावर आपले नाव सांगावेच लागते. ते कागद आजच हाताशी ठेवा.