भिगवणचे पाहुणे

पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर गेले की भिगवण लागते. चैत्रातले ऊन, सकाळी आठालाच मोटारीचे टप तापले. सौभाग्यवतींचे म्हणणे, पक्षीच पाहायचे तर घरच्या चिमण्या काय वाईट? पण होडी सुटली, समोर शेकडो रोहित पक्षी उभे दिसले, आणि दुर्बीण काही मला परत मिळेना! माना खाली घालून, चोची उलट्या करून ते चिखलपाणी गाळत होते. त्यांचा गुलाबी रंग येतो तो या अन्नातूनच. पिले असतात करडी.

होडीवाले म्हातारबा वल्हे थांबवून म्हणाले, "सायेब, पाखरं हायती न्हवं, तितं आमचं जुंधळ्याचं रान व्हतं."

१९८० साली उजनी धरण पुरे झाले. भीमेचे पाणी पसरले, गावे उठली. पळसदेवचे बुडालेले देऊळ पाणी उतरले की आजही वर येते.

"उन्हाळ्यात तुमच्या रानाचा बांध दिसतो का हो?" मी विचारले.

"दिसतो की. ल्योक जाऊन फोटू काढतो. म्या न्हाई जात."

आणि पाखरे उठू नयेत म्हणून त्यांनी होडी लांबच्या वळणाने काठाकडे घेतली.