मोठाईचा तेरावा अध्याय

यंदाच्या पारायणाच्या सप्त्यात आमच्या घरातल्या वडीलधाऱ्या मोठाईची ज्ञानेश्वरी माझ्या वाट्याला आली. लाल फडकं सोडलं तशी पोथी आपसूक तेराव्या अध्यायावर उघडली आणि पानांच्या बेचक्यात साचलेल्या बुक्क्याचा वास नाकात गेला. व्यासपीठचालकांनी ओवी धरली होती, सगळा मांडव त्यांच्यामागं म्हणत होता, आणि मला काही वेळ ओळच दिसेना.

मोठाईला अक्षर ओळखता येत नव्हतं. तरी गंगाखेडच्या अलीकडं आमच्या गावात सप्ता बसला की ती बायांच्या रांगेत पाटावर पोथी मांडून बसायची. ओठ हलायचे, बोट सरकायचं, मधूनच पान उलटायचं. शेजारणीचं बघून उलटत असेल, असं मला वाटायचं. पुढं लक्षात आलं, शेजारणीची प्रत वेगळ्या छापाची. तिची पानं भलत्याच ओवीवर संपायची. आपल्या पोथीतलं कोणतं पान कोणत्या ओवीला संपतं, हे मोठाईच्या कानाला ठाऊक होतं. तिच्या यजमानांनी, मोठेबाबांनी, कधीकाळी शेजारी बसवून वाचून दाखवलं होतं, तेवढ्या शिदोरीवर.

मी शाळेत जायला लागल्यावर ती मला वाचायला बसवायची. शब्द अडला की मी थांबायचो. ती म्हणायची, “थांबलास कामून? म्हण पुढं. आरथ मागून येतो.”

कॉलेजात मात्र अर्थ आधी आला आणि ओवी आलीच नाही. आमच्या सरांनी वर्षभर ज्ञानेश्वरी शिकवली, पण एक ओवी तोंडानं म्हटली नाही. नोट्स, संदर्भासह स्पष्टीकरण, गुणांचा हिशेब. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. त्या वर्गातली कितीतरी पोरं घरून ओव्या कानात घेऊन आली होती; ती बाहेर पडली ती ज्ञानेश्वरी अवघड असते एवढंच पक्कं करून.

अवघड ती आहेच. सुमारे 9000 ओव्या, अठरावा अध्याय एकटाच अठराशेच्या घरात. पहिल्या ओवीपासून एकट्यानं, मनातल्या मनात वाचायला बसलेला माणूस सहाव्या अध्यायातल्या कुंडलिनीपाशी पोथी मिटतो, असं मी पुष्कळदा पाहिलंय. कुणी विचारलं तर मी बाराव्यापासून धरायला सांगतो. अडीचशेच्या आत ओव्या, आणि सगळी भक्तीची बोली. दहा ओव्या मोठ्यानं म्हणाव्यात, न अडखळता, कळो न कळो. मग सार्थ प्रतीतला अर्थ पाहावा. मग तो झाकून त्याच दहा पुन्हा म्हणाव्यात. जमलं तर सोबतीला कुणी बसवावं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना भलत्याच ठिकाणी जाग येते.

ज्ञानेश्वरी तरी आपल्यापर्यंत कशी आली! 1290 मध्ये ग्रंथ झाला. पुढच्या तीनशे वर्षांत नकलांमध्ये इतके पाठभेद शिरले, की 1584 मध्ये पैठणला एकनाथांना शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. पैठणहून तीच गोदावरी आमच्या गंगाखेडला येते. 1903 मध्ये इतिहासकार वि. का. राजवाड्यांना बीडच्या पाटांगणात एकनाथांच्या आधीची म्हणून एक पोथी सापडली, ती त्यांनी 1909 मध्ये छापली. तिच्यातली मराठी आणखी जुनी. नवख्यानं तिच्या वाटेला लगेच जाऊ नये. आणि आमचा मुलूख तर 1948 पर्यंत निजामाचा. 1918 मध्ये निघालेलं हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ उर्दूतून शिकवायचं. मराठीतला हा सगळ्यात कठीण ग्रंथ इथं देवळांनी आणि मोठाईसारख्या बायांनी सांभाळला, असं मी मानतो.

पोथी तेराव्यापाशी का उघडते, तेही मला माहीत आहे. त्यात अहिंसेचं लांबलचक वर्णन आहे. भुंगा कमळावर उतरताना केसर चुरगळेल म्हणून पाय हळू ठेवतो. मांजरी पिल्लाला तोंडात धरते, पण दात रुतू देत नाही. इथं मोठाईचा आवाज खाली यायचा. चुलीपुढच्या मुंग्यांवर ती कधी गरम राख पडू द्यायची नाही, हातानं बाजूला करायची. अर्थ आला होता तो असा.

गंगाखेड जनाबाईचं. कोणत्या संताचं बोलणं कुणी लिहून घेतलं, याची यादी देणारा एक अभंग तिच्या नावावर आहे. ज्ञानदेवांचे अभंग चिदानंदबाबांनी लिहिले, असं एकेकाचं सांगत ती स्वतःपाशी येते आणि म्हणते, माझे पांडुरंगानं लिहिले. लहानपणी हे कौतुकाचं वाटायचं. आता वाटतं, लिहून घ्यायला माणूस कुठून मिळणार होता तिला?

बायांच्या जात्यावरच्या ओव्यांना मात्र पुढं टिपून घेणारी माणसं मिळाली. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी त्या खेडोपाडी फिरून गोळा केल्या, लाखावर. त्यात आमच्या जिल्ह्यातल्या ताडकळसच्या बाईचाही आवाज आहे. मी तो परवा रात्री ऐकला, आणि मोठाई पहाटे दळताना काय म्हणायची ते आठवत बसलो. दोन-तीन ओळींच्या पुढं जाता येईना. धाकट्या काकूंना अशा ओव्या पुष्कळ येतात म्हणे, पण त्या म्हणायला लाजतात. या दिवाळीत वही घेऊन त्यांच्यापाशी बसणार आहे. त्या म्हणतील, मी लिहीन.