रा. रा. दामदुप्पटराव यांस



तुमचा पत्ता सापडत नाही, म्हणून हे पत्र उघडंच टाकतो आहे. मागच्या खेपेला तुम्ही जिथे होता तिथे आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. तिथल्या पोराला विचारलं तर म्हणाला, ‘तुमच्याआधी चारपाच जण चौकशी करून गेले.’

तुमच्या नावाचा मला आधी खुलासा हवा आहे. आपल्या धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम आहे. सावकाराने एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये, असा. मुंबई इलाख्यात इंग्रजांच्या कोर्टांनीही तो मानला. म्हणजे कुळाच्या गळ्याभोवतीचा फास थांबवण्यासाठी तुमचा जन्म. आणि पुढे तुम्हीच फास विकायला बसलात. एवढं घराणं बुडवलेला माणूस दुसरा पाहिला नाही.

माझी तुमची ओळख मामामुळे झाली. मामा एसटीत कंडक्टर. कराड डेपो, पस्तीस वर्षं. खोटं नाणं नुसत्या बोटांना कळायचं त्याच्या, आणि आठ आण्यांच्या सुट्ट्यासाठी तो आख्ख्या गाडीशी भांडायचा. असा माणूस तुमच्या हाती लागलाच कसा, हे मला बरीच वर्षं उमगलं नव्हतं. 2010 मध्ये तो निवृत्त झाला, फंडाचे पैसे आले, आणि पुढच्या वर्षी त्याने त्यातले तीन लाख तुमच्याकडे ठेवले. कुठल्यातरी जागेचे तुकडे होते, जागा कुणीच पाहिली नव्हती. महिना पाच टक्के.

आणि तुम्ही दिलेत की! दर महिन्याला, तारीख न चुकवता, पंधरा हजार. मामा पेढे घेऊन आला होता. लोक तुम्हाला थापाड्या म्हणतात ते मला पटत नाही. सुरुवातीला तुम्ही एक शब्द खोटा पडू देत नाही, आणि तिथेच तुमचं सगळं कसब आहे.

हिशेब मी नंतर मांडला. शंभर जणांनी लाख लाख दिले, झाला एक कोटी. त्यातले दहा लाख दलालांना गेले. उरलेल्या नव्वदांतून महिन्याला पाच लाख वाटायचे. एक शेळी न पाळता, एक वीट न रचता हे दुकान दीड वर्ष चालतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना पटायला दीड वर्ष फार झालं. मामाला अकरा हप्ते मिळाले, म्हणजे त्याच्याच तीन लाखांतले एक लाख पासष्ट हजार. त्यातलेही निम्मे त्याने पुन्हा तुमच्याच हातावर ठेवले. ‘अहो, पैसे येतायत ना वेळेवर!’ हे त्याचं वाक्य मी त्यानंतर कितीतरी तोंडांतून ऐकलं आहे. हप्ता आला म्हणजे धंदा खरा, असं डोकं धरून बसतं. हप्त्याची नोट कुठल्या खिशातून आली हे कुणी विचारत नाही, कारण ती आपल्याच खिशातली असेल असं स्वप्नातही येत नाही.

तुमचे थोरले बंधू पॉन्झी बोस्टनला 1920 मध्ये हेच करत होते. पंचेचाळीस दिवसांत दीडपट. पोस्टाच्या कुपनांचं काहीतरी गौडबंगाल सांगायचे. कुपनं, सागवान, शेळ्या, इमू, परवा परवा दादरला चमचमणारे खडे. त्या टोरेसच्या दुकानात आठवड्याच्या आठवड्याला परतावा मिळायचा म्हणे, आणि जानेवारी 2025 मध्ये भाजीवाल्यांपासून सगळे बंद शटरसमोर उभे होते. शेळी असो की खडा, त्याच्याशी तुम्हाला काडीचं देणंघेणं नसतं. तो नैवेद्य. म्हणून वस्तू बघून तुम्हाला ओळखायला जाणारा फसतोच. दर बघावा. पोस्टातलं किसान विकास पत्र 2023 पासून साडेसात टक्क्यांवर आहे, आणि सरकार पाठीशी असूनही रक्कम दुप्पट व्हायला 115 महिने लागतात. तुम्ही ते वीस महिन्यांत करून दाखवता. मधल्या 95 महिन्यांचं काय केलंत, एवढाच प्रश्न विचारायचा असतो. त्यावर तुमचा माणूस हसतो आणि सांगतो की स्कीम रविवारी बंद होतेय.

भिंतीवरच्या फ्रेमा मला आठवतात. कंपनी नोंदणीचा दाखला, पॅन, आणि कुठल्यातरी पुढाऱ्याबरोबरचा फोटो. मामाने मला त्या बोटाने दाखवल्या होत्या. कंपनी कुणालाही नोंदवता येते. लोकांकडून ठेवी घ्यायची परवानगी ही निराळी गोष्ट, आणि तो कागद तुमच्या कुठल्याच भिंतीवर नसतो. रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर अशी परवानगी आहे का ते पाहता येतं, तक्रारही करता येते. कायदेही आहेत, 1978 चा, आपल्या राज्याचा 1999 चा, केंद्राचा 2019 चा. पण कायदा येतो तो शटर पडल्यावर. पर्ल्स कंपनीच्या ठेवीदारांना 49,100 कोटी परत करा असं सेबीने 2014 मध्येच सांगितलं. आदेश निघणं वेगळं आणि म्हातारीच्या हातात पैसे पडणं वेगळं.

मामाने तक्रार केली नाही. मी चिडलो होतो. मग मामीने सांगितलं. त्याने साडूला आत ओढलं होतं, डेपोतल्या दोघांना, आणि शेजारच्या विधवा वहिनींना. वहिनींचे चाळीस हजार. त्यावर त्याला कमिशन मिळालं होतं, आठशे रुपये. आता पोलिसात जाऊन तो काय सांगणार होता? ही तुमची खरी तिजोरी, दामदुप्पटराव. अनोळखी माणूस दारात आला असता तर मामाने त्याला घंटी मारून खाली उतरवलं असतं. तुम्ही आलात ते साडूच्या, मेहुण्याच्या, भिशीतल्या बाईच्या तोंडून. आणि पैसे बुडाले की तेच तोंड शरमेने बंद होतं.

2012 च्या नोव्हेंबरपासून मामा दर महिन्याला वहिनींकडे जायचा. पाचशे रुपये द्यायचा. पेन्शन त्याची दोन हजारांच्या आसपास, तीतून. वहिनी नको नको म्हणायच्या, हा ओट्यावर ठेवून यायचा. खिशातल्या डायरीत तारीख आणि आकडा. ऐंशी ओळी आहेत. मी मोजल्या.

शेवटची ओळ जून 2019 ची. त्या दिवशी मी बरोबर होतो. वहिनींनी चहा केला, पाचशेची नोट डब्यात ठेवली, आणि जरा घुटमळून म्हणाल्या,

“भाऊजी, तुम्हाला विचारल्याशिवाय करायचं नाही म्हणून थांबलेय. कोंबड्यांचं निघालंय. काळ्या असतात बघा, कडकनाथ. पिल्लं तेच देतात, अंडी तेच घेऊन जातात. माझ्या भाच्याला पैसे यायलाही लागलेत.”

मामाने बशी खाली ठेवली आणि डायरीचं मागचं कोरं पान उघडून माझ्याकडे पेन मागितलं.

आपला,
त्या दिवशी पेन दिलेला भाचा