वही मिटण्यापूर्वी

सांगलीत एका कामासाठी घराबाहेर पडलेला मनुष्य चार कामे उरकून परततो आणि त्यांपैकी तीन दुसऱ्यांची असतात. निवृत्तीनंतर ही दुसऱ्यांची कामेच आपली दिनचर्या होऊन जातात. नोव्हेंबरातील अशाच एका दिवसाचा हा वृत्तान्त.

विश्रामबागेतून निघताना शेजारच्या काकूंना बरोबर घेतले. नोव्हेंबर हा निवृत्तिवेतनधारकांनी हयातीचा दाखला देण्याचा महिना. २०१४ पासून तो बोटांच्या ठशांवरूनही देता येतो. परंतु काकूंच्या बोटांवरील रेषा आयुष्यभराच्या कष्टांत झिजलेल्या. यंत्राने तीनदा नकार दिला. अखेर मोबाईलवर चेहऱ्याच्या ओळखीने काम झाले. काकू हसून म्हणाल्या, "हातांची साक्ष चालली नाही, तोंडाची चालली!"

त्यांना रिक्षात बसवून मार्केट यार्डात गेलो. तेथील एक आडतदार स्नेही मार्चअखेर पेढी बंद करणार आहेत. मुले पुण्यात नोकरीला आहेत. समोर जुन्या वह्यांचा ढीग होता. मला वाटले, थकलेले येणे शोधत असतील. ते मात्र देणे शोधत होते. एक पाकीट माझ्या हाती देऊन म्हणाले, "हरिपूरला एवढं पोहोचवा. पेवावर काम करणाऱ्या आमच्या माणसाची अनामत राहून गेली आहे. तो गेला, घरी त्याची बायको असते."

वाटेत गणपती पेठेत किराणा घेताना हळदीचे एक जुने शेतकरी भेटले. पेढी बंद होणार हे त्यांच्या कानी गेले होते. "साहेब, पुराच्या साली अण्णांची हळद गेली, पण आमची पट्टी थांबली नाही. आता माल घालायचा कुणाकडं?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूर नाट्यरसिकांना गोविंद बल्लाळ देवलांमुळे ठाऊक आहे. व्यापाऱ्यांना ते पेवांमुळे. तेथील जमिनीत खोल खणलेल्या या पेवांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता टिकत असे. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत थांबावे लागे. हे काम जाणत्या माणसाचेच. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरले आणि अनेकांची साठवण मातीमोल झाली. शेतकऱ्याने सांगितलेले पुराचे साल ते हेच.

पत्ता विचारीत घर गाठले. आक्कांनी पाकीट हाती घेतले, पण उघडले नाही. "आमच्या मालकांनी पोरीच्या लग्नाला उचल घेतली होती. ती फिटली का, ते आधी विचारा." मी तेथूनच फोन लावला. पलीकडून उत्तर आले, "ती उचल पुराच्या पाण्यात गेली म्हणून सांगा." आक्कांनी पदर डोळ्यांना लावला आणि पाकीट देवापाशी ठेवले. सूर्यास्तापूर्वी जेवणाला घरी पोहोचावयाचे होते, तरी चहा घेतल्यावाचून त्यांनी निघू दिले नाही.

बँकेत असताना कर्ज मंजूर करण्यापूर्वी मी तारण आणि जामीनदार पाहत असे. तसे पाहणे आवश्यकच होते. परंतु ज्यास आपण 'पत' म्हणतो, ती दोन्ही बाजूंनी आपापले देणे आठवणाऱ्या माणसांत कशी वसते, हे त्या दिवशी हरिपुरात दिसले.

आज आपल्या अनेक घरांतील मुले व्यापाराबाहेर पडत आहेत. त्यात गैर काही नाही. मात्र पेढी मिटताना येण्याबरोबर देण्याचे पानही वडीलधाऱ्यांसमवेत बसून वाचावे. आणि वर्षानुवर्षे आपल्याकडे माल घालणाऱ्यास, यापुढे त्याने कोणाकडे विश्वासाने जावे, हे स्वतः बरोबर जाऊन दाखवावे. परतताना मी स्नेह्यांना त्या शेतकऱ्याचा प्रश्न सांगितला. क्षणभर थांबून ते म्हणाले, "उद्या त्यांना घेऊन या. शेजारच्या पेढीवर मी स्वतः गाठ घालून देतो."